क्रूझ मुंबईची, आदली रात्र कुठे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्रूझबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. जी पत्रं आणि मेसेज आले त्यात जहाजावर जेवण कसं असतं, कार्यक्रम काय असतात हे विचारणारे थोडेच निघाले, बहुतेकांचा जीव अडकलाय तो नाशिकहून बंदरापर्यंत वेळेत पोचायचं कसं, आदल्या रात्री उतरायचं कुठे आणि परतीचं तिकीट किती वाजताचं काढायचं यात. बरोबरच आहे, एकदा जहाजात पाय ठेवला की पुढचं सगळं ते लोक बघतात, त्याच्या अलीकडचं सगळं तुम्हालाच बघायचं असतं. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिलीये.

प्रश्न : डिसेंबरमध्ये मुंबईहून गोवा-लक्षद्वीप क्रूझ बुक केलीये. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नात. बोर्डिंगची वेळ दुपारी एकची दिलीये. मुलगा म्हणतो त्याच दिवशी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघू, अकराला सीएसएमटी, हॉटेलचा खर्च कशाला. यांचं म्हणणं समृद्धी महामार्गाने गाडी काढू, तीन तासांत मुंबई. मला मात्र आदल्या दिवशी जावंसं वाटतंय तर घरात सगळे मला घाबरट म्हणतायत. तुम्हीच सांगा. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : काकू, तुमचंच बरोबर आहे, आदल्या दिवशीच जा आणि हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

मुलाचं गणित कागदावर चुकीचं नाहीये. पंचवटी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते, पावणेअकरा-अकराला सीएसएमटीला लागते, तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल दोनेक किलोमीटर, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. पण हे झालं सगळं सुरळीत असेल तर. पंचवटीने रोज ये-जा करणाऱ्या कुठल्याही पासवाल्याला विचारा, कसारा घाटात मालगाडी बंद पडली, कल्याणच्या पुढे सिग्नल गेला, की गाडी मध्येच कुठेतरी उभी राहते आणि कधी हलेल हे कोणी सांगत नाही. कल्याण ते सीएसएमटी ती लोकलच्या रांगेतच चालते ना. शिवाय क्रूझ जर रविवारी सुटत असेल तर रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा वार. गाडी लेट झाली तर ऑफिसला जाणाऱ्याचा फार तर अर्धा दिवस जातो, तुमची अख्खी ट्रिप जाते.

आता काकांची समृद्धी. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि घाटाचा त्रास खरंच संपला, त्याबद्दल वाद नाही. पण आमणे म्हणजे भिवंडीजवळ, मुंबई नव्हे. तिथून पुढे भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर, वडपे ते ठाणे रस्त्याचं रुंदीकरण, मग माजिवडा, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, आणि चेंबूरजवळ फ्रीवे लागला की जरा श्वास घ्यायला मिळतो. फ्रीवे तुम्हाला थेट पी. डि'मेलो रोडवर आणून सोडतो, तिथून बंदर अगदी जवळ, पण ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम त्याच तोंडाशी आहे म्हणजे शेवटच्या टप्प्यातसुद्धा वेळ जाऊ शकतो. तीन तासांत आमणेपर्यंत आरामात जाल, पण बंदराच्या दारात किती वाजता पोचाल हे कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही.

आणि मुख्य मुद्दा म्हणजे जहाज थांबत नाही. पाहुणे येतायत म्हणून दहा मिनिटं गाडी थांबवायची आपल्याला सवय असते, तसं इथे चालत नाही. जहाज सुटायच्या तास-दीड तास आधी, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी, चेक-इन बंद होतं, कारण प्रवाशांची शेवटची यादी अधिकाऱ्यांकडे द्यायची असते, जहाज बाहेर काढणारा पायलट आणि टगबोटी ठरलेल्या वेळेला बोलावलेल्या असतात. काउंटर बंद झाल्यावर तुम्ही धापा टाकत पोचलात तर समोर जहाज उभं दिसेल पण आत सोडणार नाहीत. न येणाऱ्याला सहसा पैसे परत मिळत नाहीत. पाच जणांचं भाडं एका बाजूला ठेवा आणि दोन खोल्यांचं एका रात्रीचं भाडं दुसऱ्या बाजूला, मुलाला म्हणावं आता कर हिशोब. पैसे वाचवायचेच असतील तर बाल्कनीच्या केबिनऐवजी साधी केबिन घ्या, पण आदल्या रात्रीच्या मुक्कामावर वाचवू नका.

जायला आदल्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास नाशिकरोडहून वंदे भारत आहे (रोज नसते, वार बघून घ्या) किंवा दुपारची जनशताब्दी, दोन्ही तुम्हाला संध्याकाळच्या आत सीएसएमटीला सोडतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरच्या सुट्टीत पटकन भरतं, तेव्हा तारीख लिहून ठेवा. सीएसएमटीला उतरलात की गर्दीबरोबर महापालिकेच्या बाजूला वाहत जाऊ नका, मेलगाड्यांच्या बाजूने अठरा नंबर प्लॅटफॉर्मकडून पी. डि'मेलो रोडला बाहेर पडायचा रस्ता आहे, बंदर त्याच अंगाला आहे आणि बॅगा घेऊन जिना चढायची भानगड नाही.

टॅक्सीवाल्याला नुसतं जहाज किंवा क्रूझ म्हणू नका. तो भाऊच्या धक्क्याला नेईल, जिथून रेवस-मोऱ्याच्या लाँच आणि मांडव्याची रो-रो सुटते, नाहीतर सरळ गेटवेला नेऊन उभा करेल. बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट असं म्हणा, आणि तुमच्या बोर्डिंग पासवर जो गेट छापलाय तोच अंतिम समजा.

एक राहिलं, लक्षद्वीपला परवाना लागतो. तो क्रूझवाले काढतात पण त्यांनी मागितलेली कागदपत्रं तुम्ही वेळेत दिलीत तरच. आणि सूनबाईंच्या आधारवर लग्नाआधीचं नाव असेल आणि बुकिंग सासरच्या नावाने केलं असेल तर आत्ताच फोन करून दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे हे फार होतं आणि कळतं ते थेट काउंटरवर, मागे रांग वाढत असताना.

प्रश्न : बंदराजवळ राहायचं म्हणजे नेमकं कुठे? फोर्ट, कुलाबा की वाशी-पनवेलकडे स्वस्तात? सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : ताई, सासूबाई सोबत आहेत म्हणजे निवड सोपी झाली, फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेट. बंदर तिथून पाच-दहा मिनिटांवर आणि सकाळी उठून धावपळ नाही.

फक्त एक गोष्ट फोटोवरून कळत नाही ती म्हणजे इमारत. फोर्टमधली बरीचशी मध्यम भाड्याची हॉटेलं जुन्या दगडी इमारतींत आहेत, खाली दुकानं किंवा ऑफिसं आणि हॉटेलचं रिसेप्शनच दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट असते पण जाळीच्या दाराची, दोन माणसं आणि एक बॅग मावेल एवढी, आणि लिफ्टपर्यंत पोचायलाच आधी सहा-सात पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या पायऱ्यांचंच खरं दुखणं असतं. म्हणून ऑनलाइन बुक करायच्या आधी हॉटेलला स्वतः फोन करा आणि विचारा की रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत, लिफ्ट रात्री चालू असते का, बाथरूममध्ये कमोड आहे का, आणि चेक-आउटनंतर बोर्डिंगच्या वेळेपर्यंत बॅगा ठेवू देतात का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. हॉटेल सकाळी दहा-अकराला खोली सोडायला सांगतं आणि बोर्डिंग दुपारचं, मधले दोन-तीन तास आजींना घेऊन कुठे बसणार? काही हॉटेलं थोडे पैसे घेऊन एक वाजेपर्यंत खोली देतात, विचारायला काय जातं.

कुलाबा चांगलं आहे, खायला-फिरायला जास्त आहे, पण त्याच दर्जाच्या खोलीला भाडं जास्त पडतं आणि गेटवेच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी गर्दी फार. वाशी-पनवेलला खोल्या स्वस्त आणि मोठ्या मिळतात हे खरं, पनवेलहून अटल सेतूमुळे शिवडीला लवकर पोचता हेही खरं, पण मग सकाळची टॅक्सी, टोल, आणि तीच रस्त्याची चिंता परत, ज्याच्यासाठी आदल्या दिवशी आलात ती टळलीच नाही. एकटा-दुकटा तरुण माणूस असेल आणि फक्त पाठ टेकायचीये, तर सीएसएमटीच्या रिटायरिंग रूम रेल्वेच्या तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होतात, त्याही वाईट नाहीत.

बॅलार्ड इस्टेट हा ऑफिसांचा भाग, संध्याकाळी सात नंतर आणि रविवारी सगळं सुनसान, जेवायला काही सापडत नाही. तेव्हा रात्रीचं जेवण सीएसएमटीच्या बाजूला उरका, बाजारगेटच्या तोंडाशी पंचम पुरीवाला आहे, पुरी-भाजी खाऊन सासूबाई खूश होतील. आणि वार सोमवार ते शनिवार असेल, दुपारी पोचत असाल, तर बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ पासूनचं इराणी हॉटेल, बेरी पुलावासाठी लोक लांबून येतात. ते दुपारीच उघडं असतं.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर क्रूझ कंपनीला बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, टर्मिनलवर ऐनवेळी मागितली तर वाट बघावी लागते. नवीन टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, जागा भरपूर आहे, पण जागा भरपूर म्हणजे चालणंही भरपूर.

आणि औषधं. हे मी सगळ्यांना सांगते. टर्मिनलच्या दारातच मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात, तुम्ही घरून छापून आणलेला केबिन नंबरचा टॅग हँडलला गुंडाळतात, बॅग तिकडून मशीनमध्ये जाते आणि तुम्ही इकडून सिक्युरिटीत. ती बॅग परत दिसते ती थेट केबिनच्या दाराबाहेर, कधी दोन तासांनी, कधी संध्याकाळी जहाज सुटल्यावर. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, सगळ्यांची ओळखपत्रं, फोनचा चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. टॅग कागदाचा असतो, घरीच त्याच्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारून घ्या म्हणजे फाटत नाही. प्रवासाला निघताना आपण धपाटे, गुळपोळ्या बांधून घेतो, त्या मुंबईच्या हॉटेलातच संपवा, शिजवलेलं घरचं अन्न बहुतेक जहाजांवर चढवू देत नाहीत. इस्त्री आणि पाणी तापवायची किटलीसुद्धा नाही.

प्रश्न : गाडी पाच दिवस बंदरात पार्क करता येईल का? (सिडको)

उत्तर : त्या भरवशावर निघू नका. फोर्टात तासाभराचं पार्किंग मिळताना मारामार, आणि बंदराच्या आवारात खासगी गाडी पाच दिवस सोडायची कल्पनाच मनातून काढून टाका. स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर ड्रायव्हर घ्या, तो सोडून परत येईल, नाहीतर ठाण्या-मुलुंडला कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या सोसायटीत लावा आणि पुढे टॅक्सी करा. नाशिकहून एकमार्गी टॅक्सी केली तर चौघांत खर्च वाटला जातो आणि मनाला घोर नाही.

प्रश्न : आमची सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ आहे. ट्रॅव्हल एजंटने मुंबईहून रात्री साडेअकराचं विमान दिलंय, सकाळी सिंगापूर, त्याच दुपारी बोर्डिंग. म्हणतो हॉटेलचा खर्च वाचला. ठीक आहे ना? आणि तिथे उतरल्यावर बंदर कुठेय? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : दादा, ठीक नाहीये. एजंटने खर्च वाचवला पण धोका सगळा तुमच्या गळ्यात टाकला.

हिशोब बघा. मुंबई-सिंगापूर विमान साडेपाच तासांचं, त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तुम्ही सकाळी साडेसातच्या सुमारास उतरणार. त्याआधी नाशिकहून दुपारीच निघालेला, सहारच्या विमानतळावर (टर्मिनल दोन, म्हणजे टी-टू) तीन तास आधी पोचलेला, रात्रभर विमानात अवघडून बसलेला माणूस. विमान वेळेवर आलं तरी सकाळभर बॅगा घेऊन बसायचं, कारण हॉटेल नाही, आणि विमान सहा तास लेट झालं किंवा रद्द होऊन दुसऱ्या दिवशीचं मिळालं तर जहाज गेलं. विमान कंपनी तुमचं जहाज बघत नाही, वेगवेगळी काढलेली तिकिटं असली की कोणीच जबाबदारी घेत नाही. एक रात्र आधी जा. जमलं तर दोन रात्री, सिंगापूर बघण्यासारखंच आहे, एवढ्या लांब जाऊन नुसतं बंदर कशाला बघायचं.

आता बंदर. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत आणि नाशिकहून जाणारे लोक इथेच गोंधळतात. एक मरीना बे क्रूझ सेंटर, २०१२ साली उघडलेलं, मोठी जहाजं तिथे लागतात, त्याचं मेट्रो स्टेशन मरीना साउथ पिअर. दुसरं हार्बरफ्रंटचं, विवोसिटी मॉलला लागून. दोन्ही एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब आहेत. तुमच्या तिकिटावर कुठलं लिहिलंय ते आजच बघा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

राहायला आपल्या लोकांसाठी लिटिल इंडिया किंवा फॅरर पार्क सोयीचं. शाकाहारी जेवण पावलापावलावर, खरेदीचं मोठं दुकान मुस्तफा सेंटर तिथेच, आणि तिथली जांभळी मेट्रो लाइन थेट हार्बरफ्रंटला जाते, गाडी बदलावी लागत नाही. मरीना साउथ पिअरला जायचं असेल तर धोबी घाट स्टेशनला उतरून (हो, तिथल्या स्टेशनचं नावच धोबी घाट आहे) लाल लाइन धरायची, ते शेवटचं स्टेशन. पण मोठ्या बॅगा आणि लहान मुलं असतील तर बंदराला जाताना टॅक्सीच करा, मेट्रो फिरण्यासाठी ठेवा.

व्हिसाचं नीट ऐका. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापुरात दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताना अडकाल. हातात आलेल्या व्हिसावर मल्टिपल लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मध्ये जे देश लागतात त्यांचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा, जहाजातून खाली उतरायचं नसलं तरी काही वेळा कागद लागतात. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा, ती सरकारची नव्हे.

प्रश्न : पुढच्या मे महिन्यात युरोप क्रूझ, सुरुवात "रोम" अशी लिहिलीये. रोमला मध्यवर्ती भागात हॉटेल बघितलंय, तिथून बंदर जवळ असेल ना? (कॉलेज रोड)

उत्तर : जवळ नाहीये. रोमच्या मध्यवर्ती भागाजवळ समुद्रच नाही. जाहिरातीत रोम लिहितात ते बंदर म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांबचं वेगळं गाव, नाशिक ते शिर्डीपर्यंतचं अंतर समजा. हे फक्त रोमचं नाही. पॅरिस लिहिलं की बंदर ल हाव्रला, लंडन लिहिलं की साउदॅम्प्टनला, फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो. व्हेनिसच्या जुन्या कालव्यातून तर मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदीच आहे, कित्येक जहाजं राव्हेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात आणि जाहिरातीत नाव व्हेनिसचंच. शहराचं नाव वाचून हॉटेल बुक करू नका, तिकिटावर बंदराचं नाव शोधा, नकाशात टाका, मग हॉटेल. बार्सिलोना त्यातल्या त्यात सोपं, बंदर शहराला चिकटूनच आहे, कोलंबसच्या पुतळ्यापासून टर्मिनलला निळी बस जाते.

तुम्ही असं करा, विमानाने रोमला दोन दिवस आधी पोचा, शहर बघा आणि हॉटेल तेर्मिनी या मोठ्या स्टेशनजवळ घ्या. तिथून चिवितावेक्कियाला थेट लोकल गाडी आहे, तास-सव्वातास लागतो. स्टेशनवरून बंदराच्या लार्गो देला पाचे या ठिकाणी जायचं आणि तिथून जहाजापर्यंत बस असते. जहाज दुपारी चार-पाचला सुटणार असेल तर सकाळी नऊ-दहाची गाडी धरा, दुपारची नको. इटलीत रेल्वेचे संप बऱ्याचदा होतात, ते आधी जाहीर केलेले असतात, आठवडाभर आधी बघून ठेवा. ज्यांना सकाळची धावपळ नको त्यांनी शेवटची एक रात्र चिवितावेक्कियालाच काढावी, गाव छोटं आहे, समुद्रकाठी फिरायला छान.

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा) बोटांच्या ठशांसाठी मुंबई किंवा पुण्याला जावं लागेल आणि मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, जानेवारी-फेब्रुवारीतच मागे लागा. जहाज मध्ये तुर्कस्तानसारख्या शेंगेनबाहेरच्या देशात थांबत असेल तर इथेही मल्टिपल व्हिसा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आणि युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या लोकांचे ठसे आणि फोटो सीमेवरच घ्यायची नवी पद्धत सुरू झालीये, विमानतळावर रांगा वाढतात, तेव्हा उतरल्या दिवशीच जहाज हा बेत युरोपात तर अजिबातच नको.

प्रश्न : परतताना जहाज सकाळी सातला मुंबईत लागतं. मग साडेनऊचं दिल्लीचं विमान मिळेल का? बाकीचे नाशिकला येणार आहेत, त्यांनी कुठली गाडी धरावी? (पाथर्डी फाटा)

उत्तर : साडेनऊचं विमान नाही मिळणार. जहाज सातला लागतं म्हणजे सातला धक्क्याला दोर बांधतात, लोकांना टप्प्याटप्प्याने सोडतात, आपला नंबर यायला आणि बॅग शोधून बाहेर पडायला नऊ-दहा वाजतात. विमान दुपारी दोननंतरचं घ्या. आणि तिकिटावर विमानतळ कुठला आहे ते बघा, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, चुकून सहारला जाऊन उभे राहाल. जुन्या विमानतळाला जायला आता भुयारी मेट्रो आहे, सीएसएमटीहून थेट टी-वन आणि टी-टू, हलक्या बॅगा असतील तर टॅक्सीपेक्षा तीच बरी.

आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. तुम्हाला लवकर बाहेर पडायचं असेल तर बॅग बाहेर न ठेवता स्वतः उचलून उतरायची सोय असते का ते जहाजावर विचारा, तासभर वाचतो. रात्री बॅग बाहेर ठेवणाऱ्यांनी सकाळचे कपडे आणि चपला आत ठेवल्यात ना बघा.

नाशिकवाल्यांना बारानंतरची जनशताब्दी किंवा एकच्या सुमाराची वंदे भारत अगदी सोयीची पडते, चार-साडेचारच्या आत नाशिकरोड. ती न मिळाल्यास संध्याकाळची पंचवटी आहेच, तोपर्यंत बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूमला टाका, फक्त प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत.

प्रश्न : एवढं करूनही जहाज चुकलंच तर? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : उशीर होतोय हे कळल्याक्षणी फोन करा, पोचल्यावर नव्हे. बुकिंगच्या कागदावर क्रूझ कंपनीचा आणि बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, तो फोनमध्ये सेव्ह करा आणि कागदावरही लिहून घरातल्या दोघांकडे द्या. एखादेवेळी रेल्वे घाटात अडकलीये आणि तुमच्यासारखे तीस-चाळीस जण त्याच गाडीत आहेत हे कळलं तर ते निदान काय करता येईल ते सांगतात. पुढच्या बंदरावर जाऊन चढू, गोव्याला गाठू, असं मनाने ठरवून विमानाचं तिकीट काढू नका, कंपनीने परवानगी दिली तरच चढता येतं, आणि परदेशी बंदर असेल तर त्या देशाचा व्हिसाही हवा. प्रवास विमा घेताना प्रवास चुकल्याची भरपाई आहे का, आणि कुठल्या कारणांसाठी, हे विकणाऱ्याला विचारून लेखी घ्या, बऱ्याच पॉलिसींमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलो हे कारण धरत नाहीत.

प्रश्न : मुलांना जूनमध्ये सुट्टी आहे, मुंबईहून क्रूझ मिळेल का? (सातपूर)

उत्तर : पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. गेली काही वर्षं जून ते सप्टेंबरच्या दरम्यान आपल्याकडचं जहाज चेन्नईला हलतं आणि तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या करतं. चेन्नईला जायचं ठरलं तर विमान किंवा रेल्वे काहीही असो, जहाजाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत चेन्नईत पोचेल असंच तिकीट काढा, आणि मुलांचे पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक आहेत ना हे आजच कपाटातून काढून बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि संपलेला लक्षात येत नाही.